पीएसआय आणि मांत्रिक एकाच टेबलावर: अचाट शक्तींचा समतोल कसा बसतो?

मुंबईतल्या बोर्ड गेम कॅफेंमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी घराघरांत टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणारे गट आता बरेच दिसतात. बहुतेक जण सुरुवात करतात ती तलवारी आणि ड्रॅगनवाल्या तयार खेळानं. मग कुणीतरी सुचवतं की गोष्ट आपल्याच शहरात घडू दे. शिवडीचं गोदाम, मूर्तींची तस्करी, क्राइम ब्रँचचा पीएसआय, गिरगावच्या चाळीतला मांत्रिक आणि आकाशात उडणारी एक मुलगी. अशा मिसळीसाठी तयार खेळ सापडत नाही, म्हणून गट एखादी युनिव्हर्सल सिस्टिम घेतो. प्रत्येकाला पात्राचे गुण आणि शक्ती विकत घ्यायला २०० पॉइंट मिळतात, सगळे पात्रं रचतात. तीन-चार बैठकांतच पीएसआयचा खेळाडू मोबाइल बघत बसलेला दिसतो. त्याच्या वाट्याला करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

पॉइंट सारखे असूनही असं होतं, आणि दोष बहुतेक वेळा मांत्रिकाच्या खेळाडूवर ढकलला जातो. खरं कारण हिशेबात असतं.

## आधी पायाभूत गोष्टी

या खेळात एक जण गेम मास्टर, म्हणजे जीएम, असतो. तो परिस्थिती सांगतो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करायचं ते ठरवतात. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतात. युनिव्हर्सल सिस्टिम म्हणजे कुठल्याही एका जगाला न बांधलेले नियम. त्यात पोलीसकथाही खेळता येते आणि अंतराळातलं युद्धही. १९८१च्या ‘चॅम्पियन्स’ या सुपरहिरो खेळातून पुढे ‘हीरो सिस्टिम’ निघाली. १९८६ साली ‘गर्प्स’ आली, तिची चौथी आवृत्ती २००४ची. २००३मध्ये ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ आणि ‘फेट’ आल्या. या लेखातली बरीच उदाहरणं गर्प्सची आहेत, कारण तिथे प्रत्येक गोष्टीला उघड किंमत लावलेली असते.

गर्प्समध्ये साधे सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे. बेरीज तुमच्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली, तर काम जमलं. कौशल्य १० असेल तर शक्यता ५० टक्के, १२ ला ७४ टक्के, १४ ला जवळपास ९१ टक्के. या तीन टक्केवाऱ्या ध्यानात ठेवा, पुढे लागतील.

## पॉइंट ही किंमत झाली, उपयोग वेगळा

गर्प्सच्या यादीत ४० पॉइंटांना उडण्याची शक्ती मिळते. तेवढ्याच ४० पॉइंटांना अदृश्यता मिळते, आणि तेवढ्यालाच चपळाई दोननं वाढते. यादीत तिन्ही सारख्या, टेबलावर मात्र मुळीच नाहीत. लोकलच्या पासासारखं आहे हे: विरार–चर्चगेट पासाला ठरलेली किंमत आहे, पण परळला राहून लालबागला कामाला जाणाऱ्याला त्या पासाचा काय उपयोग?

शक्ती कितपत उपयोगी हे कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी ती गोष्ट आणि तिचं जग, ठरवतं. आगीचा झोत घ्या. गर्प्समध्ये जाळणाऱ्या हल्ल्याला दर फाशामागे ५ पॉइंट पडतात, म्हणजे तीन फाशांच्या झोताला १५. तीन फाशांची बेरीज म्हणजे इजा, सरासरी १०.५. तलवारींच्या जगात सर्वसाधारण ताकदीचा माणूस तलवारीनं एक फासा अधिक १, म्हणजे सरासरी ४.५ इजा करतो. तिथे हे १५ पॉइंट म्हणजे लॉटरी. आजच्या मुंबईत मात्र पीएसआयच्या कमरेला नऊ एमएमचं पिस्तूल असतं. त्याची इजा दोन फासे अधिक २, सरासरी ९. त्यासाठी त्याला पात्राच्या २०० पॉइंटांतून एकही मोजावा लागत नाही, ते हत्यार म्हणून मिळतं. तोच झोत, तीच किंमत, आणि एका जगात स्वस्त तर दुसऱ्यात महाग.

म्हणून जीएमचं पहिलं काम पॉइंटांची बेरीज तपासण्याचं नाही. या कॅम्पेनमध्ये साध्या माणसाला पैशानं, ओळखीनं किंवा मोबाइलनं काय काय सहज मिळतं याची यादी आधी करायची. त्या यादीतली गोष्ट शक्ती म्हणून कुणी विकत घेत असेल तर त्याला आधीच सावध करा. यादीत कधीच येणार नाही अशी गोष्ट कुणी घेत असेल, तर तिथे जास्त वेळ थांबा.

## आकड्यांच्या शक्ती: इथे गणित पुरतं

शक्तींचे ढोबळ दोन गट पाडता येतात. पहिल्या गटात नुसते आकडे वाढतात: जास्त इजा, जास्त चिलखत, जास्त वेग. हा गट सांभाळायला सोपा, फक्त एक सापळा ओळखावा लागतो. किंमत बेरजेनं वाढते, परिणाम गुणाकारानं.

समजा एका पात्राचा हल्ला ५० टक्के वेळा लागतो, इजा १० आणि एका फेरीत एकच वार. सरासरी पडते ५. आता नेम ७५ टक्क्यांवर नेला, इजा १५ केली आणि वार दोन केले. सरासरी होते २२.५. एकेक सुधारणा बघितली तर दीडपट किंवा दुप्पट, एकत्र मात्र साडेचारपट. ज्यानं आपले पॉइंट चार ठिकाणी वाटले त्याच्या शेजारी असा एकाच कामाला वाहिलेला खेळाडू बसला, की दरी पडतेच.

चिलखताचा हिशेब याहून कडक आहे, कारण ते प्रत्येक इजेतून वजा होतं. गर्प्समध्ये अंगभूत संरक्षणाची एक पातळी, म्हणजे दर इजेतून १ वजा, ५ पॉइंटांची. वरच्या पिस्तुलाची जास्तीत जास्त इजा १४. म्हणजे ७० पॉइंट खर्च करून १४ पातळ्या घेतल्या की ते पिस्तूल या माणसाला कधीच ओरखडाही काढू शकत नाही. जीएमनं मग त्याला पुरून उरेल असा शत्रू आणला, की त्या शत्रूच्या पहिल्याच फटक्यात पीएसआय आडवा. दोघांनाही एकाच मारामारीत धोका वाटेल असा शत्रू रचणंच अशक्य होऊन बसतं.

यावर सर्वांत स्वच्छ उपाय ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’ या सुपरहिरो खेळात आहे. तिथे पॉइंटांशिवाय प्रत्येक कॅम्पेनला एक पॉवर लेव्हल असते. लेव्हल १० असेल तर हल्ल्याचा नेम आणि हल्ल्याची ताकद यांची बेरीज २०च्या वर जाऊ द्यायची नाही. नेम १२ हवा तर ताकद ८, ताकद १२ हवी तर नेम ८. बचावालाही तोच न्याय: चुकवण्याची हातोटी आणि सोसण्याची क्षमता मिळून २०. गुणाकार जिथे सुटतो तिथेच लगाम.

ही कल्पना कुठल्याही सिस्टिममध्ये नेता येते. मुंबईच्या २०० पॉइंटांच्या कॅम्पेनसाठी मी अशी सुरुवात सुचवेन: हल्ला चार फाशांच्या वर नको, अंगभूत संरक्षण ६ च्या वर नको, फेरीत एकाहून जास्त पूर्ण वार नकोत. पिस्तुलाची सरासरी ९ असल्यामुळे ६ च्या संरक्षणातूनही साधारण ३ आत जातात. शक्तिमान पात्राला फायदा राहतो, आणि गोळी लागली तर तोही दचकतो.

## प्रश्नच पुसून टाकणाऱ्या शक्ती

दुसरा गट खरा अवघड. इथे आकडा वाढत नाही, अडचणच नाहीशी होते.

एक प्रसंग बघा. तस्करांचा माल घारापुरीला लपवलाय, शेवटची बोट निघून गेली आहे, आणि पहाटेपर्यंत तिथे पोचायचंय. गेटवेहून बेटापर्यंत अंतर साधारण दहा किलोमीटर, बोटीला तासभर लागतो. कोळीवाड्यातल्या ओळखी काढणं, रात्री होडी मिळवणं, गस्तीची नजर चुकवणं, समुद्रात भरतीचा अंदाज घेणं अशी तासभर खेळण्याजोगी सामग्री यात आहे. उडणाऱ्या मुलीचा गर्प्समधला सर्वसाधारण वेग सेकंदाला १० यार्ड, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर. ती १८ मिनिटांत बेटावर उतरते. एकही फासा न टाकता तिघांच्या वाट्याचा खेळ संपला.

मन वाचणं, अदृश्य होणं, भिंतीतून जाणं, क्षणात दुसरीकडे पोचणं, मेलेल्याशी बोलणं या सगळ्या याच जातीच्या. यांना किंमत वाढवून आवर बसत नाही. ४० पॉइंटांचं उडणं ८० ला विकलं तरी ती १८ मिनिटांतच पोचणार. फक्त तिच्याकडे दुसरं काही उरणार नाही, आणि मग ती प्रत्येक अडचणीवर उडणंच वापरेल.

उपाय शक्तीच्या तपशिलात शिरून शोधावा लागतो. नियमांचं पुस्तक नीट वाचलं तर निम्मे उपाय तिथेच सापडतात. गर्प्समधलं मूळ मन वाचणं ३० पॉइंटांचं. त्यात समोरच्याच्या मनात त्या क्षणी जे वर तरंगतंय तेवढंच कळतं, आणि त्यासाठीही बुद्धी विरुद्ध इच्छाशक्ती अशी फाशांची चढाओढ जिंकावी लागते. खोलवरचं उत्तर खोदून काढण्याची शक्ती वेगळी विकत घ्यावी लागते. जीएमनं हा फरक पाळला तर चौकशीच्या खोलीत काय होतं बघा. संशयिताच्या मनात गोदामाचा पत्ता यावा यासाठी कुणीतरी नेमका प्रश्न विचारायला हवा, आणि ती कला पीएसआयची. तो बोलता बोलता एक नाव टाकतो, संशयिताचं मन क्षणभर तिकडे वळतं, मांत्रिक ते टिपतो. शक्ती आहे तशीच राहिली आणि दोन्ही खेळाडू कामाला लागले.

अदृश्यतेचंही तसंच. गर्प्सच्या ४० पॉइंटांच्या मूळ अदृश्यतेत हातातल्या वस्तू दिसतच राहतात, आवाज आणि वास लपत नाही, आणि कॅमेऱ्याला फसवायचं असेल तर ५० टक्के जास्त मोजून ती ६० पॉइंटांना घ्यावी लागते. सीसीटीव्हीनं भरलेल्या शहरात हे कलम किती मोलाचं आहे! ते विसरणारा जीएम स्वतःहून २० पॉइंट वाटून टाकतो.

उडणाऱ्या मुलीचं काय करायचं? ती एकटी पोचते हे मान्य करा. बेटावर एकटीनं करता येणार नाही असं काम ठेवा. पंचनाम्याला पोलीस लागतात, जादूचा शिक्का तोडायला मांत्रिक लागतो, जड पेट्या उचलायला माणसं लागतात. तिला आधी पोचून टेहळणी करण्याचा मान मिळतो, आणि होडीचा प्रसंगही जिवंत राहतो.

## मंत्रांची वेगळी गोम

जादूच्या बाबतीत गर्प्सचा हिशेब एका ठिकाणी फार स्वस्त पडतो. बहुतेक मंत्र ‘अवघड’ वर्गातली बुद्धीची कौशल्यं आहेत. एक पॉइंट खर्च केला की कौशल्य बुद्धीपेक्षा दोननं कमी पातळीवर मिळतं, आणि त्यात जादूची उपजत देणगी मिळवली जाते. बुद्धी १३ करायला ६० पॉइंट, देणगीच्या तीन पातळ्यांना ३५. या ९५ पॉइंटांनंतर कुठलाही नवा मंत्र एका पॉइंटात १४ वर, म्हणजे ९१ टक्क्यांवर, मिळतो. पीएसआयला पिस्तुलाचा नेम एकनं वाढवायला चार पॉइंट लागतात. तेवढ्यात मांत्रिक चार नवे मंत्र शिकतो. पहिल्या दिवशी दोघे बरोबरीचे, वीस बैठकांनंतर एकाकडे थोडा बरा नेम आणि दुसऱ्याकडे अख्खी पोथी.

याला आवर घालतो थकवा. मंत्र म्हणताना अंगातली शक्ती खर्च होते, सामान्य माणसाकडे ती १० असते, आणि विश्रांतीत दर दहा मिनिटांना १ भरून येते. पण कौशल्य १५ झालं की प्रत्येक मंत्राचा खर्च १ ने घटतो, २० झालं की २ ने.

हे किती लांब जाऊ शकतं ते पाण्याच्या मंत्रावरून कळतं. एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पाणी काढायला २ शक्ती. कौशल्य १४ असलेला मांत्रिक तासाला ६ शक्ती परत मिळवतो, म्हणजे तीन गॅलन, जेमतेम ११ लिटर. दहा हजार लिटरचा टँकर भरायला त्याला अखंड बसून महिन्याहून जास्त लागेल. कौशल्य २० झालं की खर्च शून्य. मंत्राला लागतो एक सेकंद. तोच टँकर आता साधारण ४४ मिनिटांत भरतो. ज्या शहरात मे महिन्यात सोसायट्या टँकरची वाट बघतात तिथे असा एक माणूस असेल तर पाण्याचं राजकारण, टँकरवाले, महापालिका सगळं बदलायला हवं. जीएमनं याचा विचार केला नसेल तर खेळाडू पहिल्याच दिवशी विचारतील, आणि बरोबरच विचारतील.

इथेही नियमात एक पाचर आहे. तीन फाशांवर १८ आलं की कौशल्य कितीही असो, मोठा अनर्थ, आणि तो २१६ पैकी एकदा येतो. एका टँकरसाठी २६०० हून जास्त वेळा मंत्र म्हणावा लागतो, म्हणजे सरासरी बारा अनर्थ. हे आकडे खेळाडूसमोर ठेवले की तो स्वतःच विचारात पडतो. याशिवाय अख्ख्या जगाची जादू मंद ठेवता येते. ‘लो माना’ प्रदेशात प्रत्येक मंत्र पाचनं कमी होतो: १५ चा १०, म्हणजे ९५ टक्क्यांवरून ५०. मुंबईत सगळीकडे जादू मंद आणि ठरावीक जागीच पूर्ण, अशी मांडणी मला सर्वांत फलदायी वाटते, कारण मग जागांना महत्त्व येतं आणि मांत्रिकाला शहर ओळखणारा सोबती लागतो.

## “मर्यादा घातली की झालं ना?”

जवळपास प्रत्येक सिस्टिम शक्तीवर अट घातली की किंमत कमी करते. गर्प्समध्ये ‘दिवसातून एकदाच’ या अटीला ४० टक्के सूट, म्हणजे ४० पॉइंटांचं उडणं २४ ला. सूट कितीही जमवली तरी ८० टक्क्यांपुढे जात नाही. हीरो सिस्टिममध्ये भागाकार करतात: ६० पॉइंटांचा हल्ला सहज हिसकावता येईल अशा काठीतूनच होत असेल तर त्या अटीची किंमत १, म्हणून ६० भागिले (१ + १), म्हणजे ३०.

अडतं ते इथेच. काठी कुणी कधी हिसकावलीच नाही तर खेळाडूला ३० पॉइंट फुकट मिळाले. एका बैठकीत एकच मोठा प्रसंग येत असेल तर ‘दिवसातून एकदा’ ही अट कुणाला बोचणार? हीरो सिस्टिमनं यासाठी नियमच करून ठेवलाय की जी मर्यादा पात्राला खरोखर अडवत नाही तिला सूट नाही. मंजुरी देण्यापूर्वी जीएमनं स्वतःला विचारावं: येत्या तीन बैठकांत ही अट निदान एकदा आडवी येईल असा प्रसंग माझ्याकडे आहे का? नसेल तर सूट देऊ नका. आणि दिली असेल तर अट आडवी आणताना संकोच करू नका, खेळाडूनं त्याचा मोबदला आधीच घेतलेला आहे.

## “सगळे मित्रच आहेत, मग समतोल हवाच कशाला?”

हा आक्षेप रास्त आहे. इथे कुणी कुणाला हरवत नाही. ताकद समान असलीच पाहिजे असंही नाही. पीएसआय मांत्रिकापेक्षा दसपट कमजोर असला तरी चालतं. प्रसंगाचा निकाल लावण्याची संधी मात्र सगळ्यांना मिळायला हवी.

हे मोजता येतं. प्रत्येक बैठकीत जीएमनं कागदावर खेळाडूंची नावं लिहावीत. प्रसंग ज्याच्या कृतीनं किंवा निर्णयानं निकाली निघाला त्याच्यापुढे एक रेघ ओढावी. तीन बैठकांनी कागद बघावा. एकाच नावापुढे निम्म्याहून जास्त रेघा असतील तर बिघाड आहे, मग पॉइंट सारखे असोत वा नसोत. रेघा सारख्या पडत असतील तर पॉइंटांची तफावत विसरून जा.

## “मग हलकी सिस्टिम घेतली तर?”

काही प्रश्न सुटतात. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये साधा जादुई मारा एका पॉवर पॉइंटला दोन फाशांची इजा करतो, आणि नऊ एमएम पिस्तूलही दोनच फाशांची. मांत्रिकाकडे सुरुवातीला असे १० पॉवर पॉइंट असतात आणि तासाभराच्या विश्रांतीत ५ परत येतात. रचनेतच बरोबरी. फेट तर ताकद मोजतच नाही. तिथे ‘चाळीतला शेवटचा मांत्रिक’ आणि ‘कुणापुढे न झुकणारा पीएसआय’ ही दोन्ही पात्राची वैशिष्ट्यं, दोन्ही वापरायला एकच फेट पॉइंट, आणि सुरुवातीला प्रत्येकाकडे ते सहसा तीन.

पण घारापुरीचा प्रश्न तिथेही तसाच राहतो. नियम हलके असले तरी उडणारी मुलगी उडणारच. किंबहुना तपशील कमी असल्यामुळे मन वाचणं कुठे थांबतं हे टेबलावर बसून बोलून ठरवावं लागतं, आणि ते पहिल्या बैठकीआधीच ठरलेलं बरं.

## कॅम्पेन मध्येच बिघडलं तर

चालू बैठकीत शक्ती कापू नका. खेळाडूनं नियमात राहून घेतलेली गोष्ट सगळ्यांदेखत हिरावली की तो पुढच्या वेळी जीएमपासून बेत लपवायला लागतो. बैठक संपल्यावर त्याच्याशी एकट्यानं बोला, कुठला प्रसंग कुणाच्या हातून निसटला ते रेघांच्या कागदावर दाखवा. शक्ती बदलायची ठरली तर तिचे पूर्ण पॉइंट परत द्या, हवे तिथे लावू द्या. त्याच वेळी पीएसआयच्या खेळाडूलाही पात्र नव्यानं मांडायची मुभा द्या. अनेकदा मांत्रिक फार बलवान नसतो, पीएसआयनं आपले पॉइंट कुठेच न लागणाऱ्या कौशल्यांत घातलेले असतात. त्याला खबऱ्यांचं जाळं, पोलिसी अधिकार आणि चौकशीचं कौशल्य यांत ३०-४० पॉइंट वळवायला सांगा, आणि पुढच्या बैठकीचा पहिला प्रसंग पोलीस ठाण्यात ठेवा.